दाराजवळचा पट

आमच्या मुलुंडच्या मंडळाच्या हॉलमध्ये बुद्धिबळ पुन्हा सुरू झालं आणि मला पहिल्याच रविवारी संशय आला.

सुरू करणारे सावंत, आमच्याच गल्लीतले. स्वतः सतरंज्या झटकणार, फोन करकरून माणसं गोळा करणार, चहा आणणार... आणि हे सगळं कशासाठी? मागे एकाने असंच सुरू केलं होतं. बॅनरवर त्याचा फोटो झळकला आणि हॉलला कुलूप!

तेव्हापासून मी मोबाइलवरच खेळतोय. पण मशीन हरलं तरी त्याचा चेहरा पडत नाही हो... समोर माणूस हवा होता. फक्त पुन्हा ते कुलूप बघायची तयारी नव्हती.

म्हणून आत न जाता दारातून नजर ठेवायचो. बॅनर? नाही. क्लासची जाहिरात? नाही. बायको वैतागली, "अहो, एक तर आत बसा, नाहीतर घरी या. वॉचमन लागलात का तिथे?"

एक चूक मात्र पकडली. दाराजवळचा पट आडवा. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, तिथे काळं! मी कुठल्या क्लासला गेलो नाही, पुस्तकं वाचून शिकलो, पण हे पहिल्या पानावरचं... आणि हे निघाले क्लब चालवायला. पुढच्या रविवारी बघतो तर पुन्हा तसाच. त्याच्या पुढच्या रविवारीही!

राहवेना. आत गेलो, सगळे मोहरे उचलले, पट फिरवला, पुन्हा मांडले. मान वर केली तर समोर सावंत बसलेले.

"मांडलाच आहे तुम्ही, तर होऊन जाऊ दे एक डाव."

हरलो. चांगलाच हरलो. असा खेळणारा माणूस पट आडवा लावेल? बाकीचे पट पाहिले... सगळे बरोबर.

"मुद्दाम?"

"मग काय! दुसऱ्याच रविवारी याल वाटलं होतं," सावंत हसले. "सहनशक्ती दांडगी हो तुमची."

माझा संशय पूर्ण गेलाय असं नाही. नजर आहेच... फक्त आता आत बसून ठेवतो. थँक्यू, सावंत.

काल एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन दारात थबकले. कपाळाला आठी, आत यायचं नाव नाही. मी उठलो, दाराजवळचा पट व्यवस्थित चुकीचा लावला आणि गुपचूप जागेवर येऊन बसलो.