नबीलालची मापाची पट्टी

नबीलाल मिस्तरी टेप वापरत नाही. "टेप ओढंल तसं बोलतंय, मावशी. पट्टी एकदा बोलली की बोलली." ज्या घरचं काम, त्या घरची एक बारीक लाकडी पट्टी. भिंतीला उभी धरायची, पेन्सिलीनं खुणा करायच्या, झालं माप. तीस वर्षांत त्याचं एक दार घासलं नाही, म्हणून गल्लीत कोणी हसत नाही.

गेल्या महिन्यात त्यानं माझं कपाट केलं. फळीची कड झाकायला वरून पट्टी मारतात की, ती शेवटची कमी पडली. त्यानं काखेत धरलेली एक पट्टी काढली, सरस लावला, खिळे ठोकले आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात.

"मावशी, घात झाला. तुमच्या कपाटाला मेहनाजचं माप बसलं."

मेहनाज त्याची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. अक्कलकोटला तिच्या सासरी भिंतीत कपाटाची जागा मोकळी ठेवलेली, बाप देणार म्हणून. वर्ष झालं. सासू येताजाता विचारायची, "तुझ्या बापाचं कपाट अजून झाडावरच हाय काय गं?" आता शुक्रवारी पोरीला पोचवायचं होतं, बाळासकट आणि कपाटासकट.

"मग परत माप घे की जाऊन."

"विहीणबाई म्हणतील, कसला मिस्तरी, मापबी हरवतो. पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

पट्टी उपटावी तर सरसानं धरलेली, तुटली असती. खुणा मात्र वरच्या अंगाला स्वच्छ दिसत होत्या. आम्ही दोघांनी लई विचार केला आणि ठरवलं, कपाटच त्याच्या दुकानात न्यायचं.

चौघांनी ते टेम्पोत चढवलं. आत माझी लुगडी, तेव्हा मीही चढले. कडी अजून बसली नव्हती, म्हणून सगळ्या रस्त्यानं दार धरून उभी. सिग्नलला एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, "आजी, घर बदललं काय?"

"न्हाय रे, माप द्यायला निघालोय."

त्यानं गाडी जरा लांब घेतली.

दुकानामागंच नबीलालचं घर. कपाट उतरल्याचा आवाज ऐकून मेहनाज बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली. तिनं कपाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं.

"अब्बा, दुसरी पट्टी शेजारी धरून खुणा उतरून आणायच्या की."

टेम्पोवाला खोकला. नबीलाल माझ्याकडं वळला.

"मावशी, तुमच्याबी डोक्यात आलं न्हाय व्हय?"

"मिस्तरी मी हाय का तू?"

शुक्रवारी कपाट अक्कलकोटच्या भिंतीत गेलं. सासूनं फटीत नख घालून बघितलं, गेलं नाही. "झाड बरं होतं म्हणायचं," एवढंच बोलली. फोनवर हे सांगताना मेहनाज एवढी हसली की बाळ उठलं.

माझं कपाट परत आलं. नबीलाल रंधा घेऊन पट्टीवरच्या खुणा घासून काढायला आला होता, मी हात लावू दिला नाही. पुढंमागं त्या भिंतीचं माप परत लागलं तर? उतरून घेतलेल्या पट्टीचा काय भरवसा? कुणाच्या घरी चहाला बसला की ठोकून मोकळा.