आमची दरड आणि गानू मॅडम

चंद्रपूरकडे वर्धा नदीच्या काठी, आमच्या गावाजवळ वाळूच्या दगडाची उंच दरड आहे. बाबा तिथे दगड फोडायचे. धुळीने छाती भरली तेव्हा आई-बाबा मला घेऊन पुण्याला आले. मार्केट यार्डात बाबांनी पोती उचलली, आईने कांदे निवडले. मी कॉलेजात भूशास्त्र घेतलं तेव्हा बाबा चिडले. "दगडापायीच त गाव सोडलं, बाई! काहून घेतलं हे?"

पहिल्याच तासाला गानू मॅडमनी एक दगड जिभेला लावला. चिकणमातीचा असला तर जीभ चिकटते. आम्ही तोंडं वाकडी केली. "अहो, मेसची आमटी रोज चाखता ना? मग याला काय घाबरता?"

शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मी आमची दरड निवडली. दिवाळीत गावी आत्याकडे गेले तेव्हा दरडीचा एक तुकडा फोडून आणला. त्यात सुरेख तिरपे थर होते. मॅडमनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"बाण कुठे आहे?"

फोडण्याआधी दगडावर वरची बाजू आणि उत्तर दिशा बाणाने दाखवायची असते. मी विसरले होते.

"छान. लोणच्याच्या बरणीवर ठेवा. दाबायला बरा आहे."

पुन्हा जाऊन थरांची दिशा मोजल्याशिवाय प्रकल्प नाही, आणि प्रकल्पाशिवाय पदवी नाही. बाबा मात्र अडून बसले. "त्या दरडीवर पुन्हा? नाही म्हंजे नाही."

शेवटी मॅडम आमच्या खोलीवर आल्या. चहा झाल्यावर बाबांनी विचारलं, "एवढं काय हाये त्या दरडीत?"

"नदी आहे. डायनासोरच्याही आधीची. तिनं टाकलेल्या वाळूचा दगड झाला. तिरपे थर ज्या बाजूला उतरतात, तिकडे पाणी जात होतं. आजची वर्धा दक्षिणेला जाते. ती जुनी नदी, मला वाटतं, उलटी वाहायची. म्हणजे जमिनीचा उतारच तेव्हा वेगळा होता. पण मला वाटून काय उपयोग? तुमच्या मुलीनं मोजायला हवं."

बाबांनी कपबशी बाजूला सारली. "तुमी येता का संगं?"

"माझ्या गुडघ्यांचे जीवाश्म झालेत हो. तुम्हीच जा."

बाबा आले. नाकातोंडाला उपरणं बांधून दरडीखाली बसून राहिले. मी होकायंत्र घेऊन एकेक थर मोजत गेले. बहुतेक सगळे उत्तरेला उतरत होते. मॅडमनी आकडे तपासले आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. "बरोबर आहे," म्हणाल्या.

मॅडमना जाऊन आता वर्ष झालं. त्याआधी माझा निकाल त्यांनी पाहिला. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं.