कॅमेऱ्याला केळी दिसेनात

हसणार नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जळगावात माझं सर्किट बोर्डांचं छोटं वर्कशॉप आहे आणि माझा स्वभाव संशयी. दूधवाला नुसता हसला तरी मी पातेल्यात डोकावतो!

तर रावेरच्या नानांनी आमच्याकडून केळी निवडायचं मशीन घेतलं. त्यातल्या कॅमेऱ्याचा बोर्ड आखला आमच्या मेघानं. मुलगी धुळ्याची, कामाला पक्की. तिला घेऊन गेलो, नानांच्या पॅकिंग शेडमध्ये मशीन सुरू केलं, तर पडद्यावर केळी नाहीत, नुसते पट्टे!

"काय भो, तुमच्या कॅमेऱ्याले केयी दिसत नाही का?" नाना म्हणाले. "आज नाही चाललं तर घेऊन जा. मले नको."

वर्षभराची मेहनत हो!

पहिला संशय नानांच्या वायरमनवर. मी असं रोखून पाहिलं, की बिचाऱ्यानं खिसे उलटे करून दाखवले. मग केबल बदलली. पट्टे तसेच! तेवढ्यात मेघाचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. बाहेर का? आठवड्यात तिसऱ्यांदा! हिला पुण्यात नोकरी लागली, आणि जाता जाता माझी वाट लावली. दुसरं काय?

ती आत आली तशी मी नानांसमोरच विचारलं, "मेघा, बोर्डात काय घोळ घातलास?"

ती लालबुंद. "भाऊ, बहिणीच्या लग्नाचा हॉल ठरतोय, त्याचे फोन आहेत!" मग तिनं बोर्ड काढून नानांपुढे धरला. "नाना, चित्र या दोन रेघांतून जातं. दोघी सारख्या लांबीच्या, शेजारी शेजारी. आणि त्यांच्याखाली, मागच्या बाजूला, तांबं अखंड लागतं. मध्ये तुटलं की चित्र बिघडलं."

तिनं बोर्ड उलटा केला. रेघांच्या बरोबर खाली, तांबं कोरून काढलेलं मोठ्ठं 'श्री'!

"हे माझ्या फाइलीत नव्हतं," मेघा म्हणाली.

आता कोणाकडे बघू? फाइल कारखान्याला पाठवण्याआधी मीच घातलं होतं ते. मागे जागा रिकामी दिसली, म्हटलं, देवाच्या नावानं सुरुवात होऊ दे.

"अहो भो," नाना म्हणाले, "देवाचं नाव मशीनच्या कपायावर लिवा ना! रस्ता कसाले खोदला?"

मेघानं कडांवरचा लेप खरवडून 'श्री'वर तांब्याची पट्टी सोल्डर केली. केळी दिसली, मशीन राहिलं. मी शरमेनं माफी मागितली. "असू द्या, भाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर फाइलींना पासवर्ड! वर्कशॉप माझं, कॉम्प्युटर माझा! "मेघा, माझ्यावर संशय?"

"छे हो, भाऊ," ती म्हणाली, "खात्री आहे."