गुरुदास आजोबा आणि खडू

मिठबावचे गुरुदास सव्वीस वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांचं फाडफाड इंग्रजी ऐकून वाडीतली माणसं थक्क व्हायची. पण एक गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं कानांनी शिकलेलं.

२००४ साली शेजारच्या हिराची जान्हवी नववीत होती. हिरा मासे विकायला गेलेली असताना एका संध्याकाळी पोर वही घेऊन आली.

"आजोबानू, माका इंग्लिशचो निबंध लिवन देवा. उद्या दाखवचो आसा."

"चष्मो मोडलो गो माजो," म्हणत गुरुदासांनी खिशातला चष्मा हाताने झाकला.

"मगे तुमी सांगा, मी लिवतंय."

सुटका नव्हती. बंदर, होड्या, आंब्याची कलमं, असं ते एकेक वाक्य सांगत गेले.

"हार्बरचा स्पेलिंग काय?"

"बोलतंय तसा लिव!" ते ओरडलेच. पोर दचकली. पुन्हा तिने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धापा टाकत आली. "सरांनी तुमका शाळेत बोलवल्यानी."

शाळा दहा मिनिटांवर. तेवढ्यात ते दोनदा वाटेतल्या दगडी गडग्यावर टेकले. आता आपलं बिंग गावभर होणार, हे ते धरूनच चालले होते.

इंग्रजीच्या सरांनी वर्गातच वही दाखवली. पान लाल शाईने भरलं होतं. "स्पेलिंग सगळी चुकलीत. पण वाक्यं हिची नाहीत, तुमची आहेत. असं बोलणं या मुलांच्या कानावर पडायला हवं. शनिवारी येत जाल?" आणि त्यांनी खडू पुढे केला. "आधी फळ्यावर इंग्रजीत तुमचं नाव लिहा."

चाळीस पोरं बघत होती. गुरुदासांनी खडू घेतला. सर हसतमुखाने थांबले होते.

"सर, मला इंग्रजी लिहिता येत नाही," गुरुदास कसंबसं म्हणाले.

मागच्या बाकावर कुणीतरी फिदकन हसलं. जान्हवीने मान खाली घातली. गुरुदास दाराकडे वळले, तेव्हा सरांनी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला.

"लिहायचं मी बघतो. तुम्ही बोला."

तीन वर्षं ते दर शनिवारी गेले. भीती मात्र गेली नाही. वर्गाची पायरी चढताना छाती धडधडायचीच, आणि बोलताना ते फळ्याकडे कायम पाठ करून उभे राहायचे.