वहिनीच्या घरचा सिनेमा

भावाने बायको आणली ती थेट कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरून. लग्न तिकडेच उरकलेलं, म्हणून पारगावात चारचौघींसमोर तिची ओटी भरायची असं आईने ठरवलं. त्याशिवाय ती सून नव्हे, पाहुणी. आईने हिरवी साडी आणली आणि गावभर मिरवली, "आमची सून फॉरेनची हाय!"

वहिनीला वाटलं, ओटीआधी सगळ्यांना आपलं घर दाखवावं. सिनेमा तिनेच मोबाइलवर केलेला. तो पाहून झाला की प्रत्येकीने 'घर' काढायचं, त्यासाठी तिने खडू आणि कागदही आणले. रांगोळीपलीकडे काही न काढलेल्या आमच्या बायका फॉरेनचं काहीतरी म्हणून नटूनथटून आल्या.

अंगणात चादर बांधली. समुद्र दिसला, लोखंडी पिंपांपासून केलेली वाद्यं वाजली, बायका खूश. मग एक जुना फोटो आला. उसाचा फड, डोक्याला ओढणी बांधलेली म्हातारी, हातात कोयता.

"माझी आजी," वहिनी नुकत्याच शिकलेल्या मराठीत म्हणाली. "तिची आजी भारतातून गेली, ऊस तोडायला. तुमचा ऊस, आमचा पण ऊस!"

बिचारीला वाटलं, नातं जुळलं. आमच्याकडे ऊस तोडायला येणाऱ्या नवरा-बायकोला कुणी माणसं म्हणत नाही, 'एक कोयता' म्हणतात. गावाबाहेर उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहतात ते.

"आता गं बया," शेजारची काकू म्हणाली, "फॉरेनची म्हणं! ही तर कोयत्यावरची निघाली."

हशा पिकला. लोकांना आवडलं असं समजून वहिनीही हसली. आईने मात्र साडी आणि नारळ परत पिशवीत कोंबले.

"आई, ओटी?" मी हळूच विचारलं.

"कोयत्याची वटी भरू व्हय मी? न्हाई जमायचं."

मला माझ्या आईची किळस आली.

तेवढ्यावर ती थांबली नाही. जन्मात खडू न धरलेल्या तिने कागद ओढला, एक कोपी काढली आणि दारात कोयता घेतलेली काळीकुट्ट बाई. कागद बायकांमधून फिरला. पोट धरून हसल्या सगळ्या. शेवटी तो वहिनीच्या हातात आला.

तिचे डोळे भरून आले. तिने वाकून आईच्या पाया पडून विचारलं, "आई, तुम्हाला कसं कळलं? आजीचं घर असंच होतं."

मग मी सकाळी शिकवलं होतं तसा दोन्ही हातांनी पदर पुढे धरून ती ओटीसाठी उभी राहिली. आई पिशवी घेऊन आत निघून गेली.