निघालोच

आमच्या घरात 'निघालोच' या शब्दाचा अर्थ 'अजून बनियनवर आहे' असा होतो. हा अर्थ मीच रूढ केला. माझ्या 'निघालोच'वर विसंबून तेलगावच्या स्टँडवर ताटकळलेले पाहुणे तिथल्या चहावाल्याचे जिवलग झालेत. म्हणून त्या सकाळी ठरवलं होतं, आज आपल्यापायी कुणाला उशीर होऊ द्यायचा नाही. सगळं तिथंच बिघडलं.

थोरल्या भावाची मुलगी कपाशीच्या बोंडअळीवर प्रबंध लिहीत होती. लॅपटॉप बंद पडल्यामुळे शेवटचा महिना ती आमच्याकडे राहून माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करत होती. प्रबंध त्याच दिवशी पाचच्या आत बीडला कॉलेजात द्यायचा होता, त्याआधी तिथंच छपाई आणि बांधणी. महिन्याभराच्या दुरुस्त्या त्या एकाच फाईलमध्ये.

वेणी घालता घालता ती म्हणाली, काका, तेवढी फाईल पेनड्राइव्हवर घ्या. मी घेतली. फक्त कॉपी न करता 'कट' केली. एकाच्या दोन प्रती झाल्या की खरी कोणती याचा घोळ होतो, हा माझा व्यवस्थितपणा. पडद्यावरची पट्टी भरली, खिडकी मिटली. मी पेनड्राइव्ह ओढून काढला आणि तेवढ्यात लाईट गेली. कॉम्प्युटर काळा झाला. मला मात्र वेळेत काम उरकल्याचा आनंद.

"काका, इजेक्ट केलात ना?"

मी म्हणालो, झालं म्हणून दाखवलं की त्यानं. तिनं पेनड्राइव्ह मोबाईलला लावला. फाईलचं नाव होतं, आत काही नव्हतं.

"कॉम्प्युटर तुमच्यासारखाच हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "झालं म्हणतो न् अजून बनियनवर असतो."

मग तिनं सांगितलं ते असं. पेनड्राइव्हवर लिहायला वेळ लागतो. आपण खोळंबू नये म्हणून कॉम्प्युटर मजकूर आधी हातात, म्हणजे मेमरीत, घेतो, आपल्याला 'झालं' सांगून मोकळा होतो आणि सवडीनं खाली उतरवतो. मधेच काढलं, की हातातलं गेलं.

मूळ फाईल हाय ना, असं बायकोनं विचारलं. मला 'कट' कबूल करावं लागलं. दुसरी प्रत ठेवली असती तर घरात काय जागा कमी पडत होती, एवढंच ती म्हणाली. बीडची नऊची एसटी गेली. पुतणी काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. एकदम वळली.

"खिडकी मिटल्यावर किती वेळानं लाईट गेली?"

"लगेच."

"तुमचं लगेच, का खरं लगेच?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दावर एवढं अवलंबून होतं. खरं लगेच, मी म्हणालो, आणि म्हणताना स्वतःचाच भरवसा वाटेना. तिचं म्हणणं, 'कट' केल्यावर मूळ फाईल पुसायचं कामसुद्धा कॉम्प्युटर काही सेकंद हातातच ठेवतो. तेवढ्यात लाईट गेली असेल, तर पुसायचंही राहिलं असेल.

दहा वाजले. चहा झाला, कुणी प्याला नाही. फॅनकडे बघून बघून माझी मान अवघडली. पावणेअकराला तो फिरला. कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत राहिल्या. डिस्क तपासतोय, ती म्हणाली. तिनं फोल्डर उघडलं. मी डोळे मिटले होते.

"पुसतोच म्हणला होता," ती म्हणाली. "पुसलं न्हाई."

पुढची कॉपी तिनंच केली. इजेक्ट दाबून, 'आता काढा' येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. निघायचं का, असं तिनं विचारलं तेव्हा मी बूट घालून दारात उभा होतो. 'निघालोच' म्हणालो नाही, मोटरसायकलला किक मारली आणि तिला स्टँडवर बीडच्या एसटीत बसवून घरी आलो.

पाचला दहा कमी असताना तिचा फोन आला. दिला, म्हणाली.

"दिला म्हणजे दिलास, का देतेस?"

"शिक्क्याची पोच हातात हाय, काका."

मग कुठं मी बूट काढले.