मासे नसलेलं डबकं

आमच्या कॉलेजातल्या मेंढक सरांचा अंगठा सारखा वर असायचा. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ आपल्यावर खूश आहेत. खरं तर ते त्यांच्या बेडकाचं माप दाखवत असत. "एवढासाच रे. या पेरावर आरामात बसतो."

तो बेडूक आमच्या जयपूरचा नव्हता, अमेरिकेतल्या जंगलातला होता. तरुणपणी सर तिथं दोन वर्षं त्याच्या मागे हिंडले होते. पाठीवर काळसर फुली, बोटांना चिकट गाद्या, आवाज मात्र अंगाच्या मानानं अवाढव्य. कडक थंडीत तो पाचोळ्याखाली अर्धामुर्धा गोठतो, काळीज थांबतं. ऊब आली की पुन्हा चालू. हे सांगताना सर छातीवर हात ठेवून नुसते उभे राहत. वर्ग खुदखुदला की दातांतून शीळ घालत, तीच त्या बेडकाची हाक.

"सर, जयपूर में बर्फ तो गिरती नहीं. हमारे किस काम का?" वैशाली नगरच्या एका मुलीनं एकदा विचारलं.

"बेटा, वहाँ ठंड है, यहाँ सूखा. वो जम के सोता है, अपना वाला ज़मीन में घुस के. उस्ताद दोनों एक ही घराने के हैं."

सर अमरावतीचे. मी वडिलांच्या नोकरीमुळे इथंच वाढलो, आधी त्यांचा विद्यार्थी आणि मग सहकारी झालो. धड मराठी मी त्यांच्याकडूनच शिकलो. "काहून रे, दर वाक्यात मतलब? 'म्हणजे' म्हटलं तर जीभ झिजते का?"

प्रयोगशाळेच्या मागे एक खोलगट जागा होती. पावसाळ्यात ती भरायची, थंडीपर्यंत आटायची. संध्याकाळी सर आम्हाला तिच्या काठावर डोळे मिटून बसवत आणि आवाज मोजायला लावत. मी एकदा म्हणालो, वर्षभर पाणी असतं तर बेडूक वाढले असते. ते हसले. "आटतं म्हणून तर वाचतात. बारमाही पाण्यात मासे येतात आणि अंडी फस्त करतात. तो अमेरिकेतला एवढासा जीवसुद्धा आटणारं डबकंच शोधतो. डबक्यात मासे नाहीत, ही पहिली खूण."

सर निवृत्त झाल्यावर कॉलेजला त्या जागी गाड्या लावायला फरशी करायची होती. प्राणिशास्त्राच्या माणसाचा शेरा हवा होता आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "डॉक्टर साहब, अभी मई में देख आइए. सूखा पड़ा है न? बस, वही लिख दीजिए."

मी गेलो, भेगाळलेल्या मातीवर उभा राहिलो आणि लिहिलं: "कायम पाणी नाही. मासे नाहीत. जलचर आढळले नाहीत." एकही वाक्य खोटं नव्हतं. पुढच्या महिन्यात मला खुर्ची मिळाली.

ऑगस्टमध्ये सर बनी पार्कच्या घरून रिक्षानं आले, सवयीप्रमाणे आवाज मोजायला. फरशीपाशी थबकले. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "शेरा कुणी दिला रे?"

"समितीनं, सर."

त्यांनी मान हलवली. पुढे दोन वर्षं ते त्यावर काही बोलले नाहीत. मी घरी गेलो की चहा देत, माझं मराठी सुधारत. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

मुलीकडे अमरावतीला कायमचे जायला निघाले, तेव्हा मी पुस्तकं बांधायला गेलो होतो. सुतळीला गाठ मारताना ते तोंडी परीक्षेच्या सुरात म्हणाले, "तुमच्या त्या समितीचा शेरा मी वाचला. मासे नाहीत हे बरोबर टिपलं. इतकं नेमकं माझ्या विद्यार्थ्यालाच सुचणार." मी पुढचा गठ्ठा बांधायला घेतला. "आता एकच प्रश्न. मे महिन्यात आपले बेडूक कुठं असतात?"

उत्तर मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं. मी सुतळी ओढत राहिलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. निघताना अंगठा वर केला, तो कशासाठी ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले.

उत्तर इथं लिहितो, आता ते तपासणारं कुणी नाही. मे महिन्यात बेडूक जमिनीखाली असतात, वीतभर खोल, पावसाची वाट पाहत. मी तिथं उभा राहून लिहीत होतो, तेव्हा ते माझ्या बुटांखाली होते. आणि मला ते माहीत होतं.